श्यामच्या आईआधीची वनमाला

वनमाला हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं ते एका चित्रपटामुळे. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’, १९५३. सुती नऊवारी, कपाळावर कुंकू, डोळ्यांत माया आणि हातात, वेळ आली तर, शिमटी. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला घराबाहेर काढणारी ती आई शाळेत कधी ना कधी सगळ्यांना दाखवतात. आमच्या वसईच्या शाळेतही दाखवली होती. वर्गातल्या निम्म्या मुली उघड रडल्या आणि मुलगे डोळ्यांत कचरा गेला म्हणून डोळे चोळत होते.

पण त्याच्या बारा वर्षं आधी हीच बाई देशभरच्या पडद्यांवर इराणी प्रेयसी म्हणून दिसली होती. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मधली रुख्साना. जग जिंकायला निघालेल्या माणसावर प्रेम करणारी आणि त्याचा जीव वाचवायला थेट त्याच्या शत्रूच्या दरबारात जाणारी. मला या लेखात त्या वनमालाबाईंबद्दल लिहायचं आहे. श्यामच्या आईबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

हा विषय मला मिळाला ग्वाल्हेरच्या नया बाज़ारमध्ये. गेल्या डिसेंबरात वर्गातल्या एका मैत्रिणीकडे आठ दिवस राहायला गेले होते. तिचं घर तिथंच, खाली दुकानं आणि वर राहती माणसं. थंडी अशी की वसईकराला हातमोजे घालून जेवावंसं वाटेल. या घरातले मूळ पुरुष शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आले, एवढं घरच्यांना माहीत आहे. मूळ गाव कुठलं यावर मात्र दोन काकांचं अजून एकमत नाही. आजी मराठीच बोलतात, पण तिच्यात हिंदी अशी विरघळलीय की पहिले दोन दिवस मला कुठली भाषा कधी संपली ते कळत नव्हतं. जेवणात पुरणपोळी आणि नंतर गजक. तिथल्याच एका दुपारी मी ‘श्यामची आई’चा विषय काढला, तर आजींनी वनमाला हे नाव घेतलंच नाही. त्या म्हणाल्या की ती आमच्या पवारांची सुशीला. जणू शेजारच्या गल्लीतली, आत्ताच भाजी घेऊन परत येईल अशी.

इथे थोडं थांबून ग्वाल्हेरबद्दल सांगायला हवं, कारण आपल्या डोक्यात मराठीचा नकाशा बहुतेक वेळा नागपूरला संपतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून आपला मुक्काम ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली हलवला. फौजेची छावणी पडली, तिचंच शहर झालं आणि शहराचं नावही लष्करच राहिलं. नया बाज़ार त्याच लष्करात. शहराचा मध्य असलेल्या चौकाला महाराज बाडा म्हणतात. हा बाडा म्हणजे आपला वाडा, हिंदी जिभेवर जाऊन थोडा बदललेला. शेजारी शिंद्यांचा गोरखी वाडा. राजकवी भा. रा. तांबे याच शहरात राहिले आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी इथेच वारले. हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध जन्मले ते ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला, घरची भाषा मराठी. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र आपल्या अभ्यासक्रमात भेटतात. म्हणजे मराठी अभिनेत्री ग्वाल्हेरची कशी, असा प्रश्न तिथे कुणालाच पडत नाही. तो फक्त आपल्याला पडतो.

सुशीला पवार १९१५ मध्ये उज्जैनला जन्मली. वडील रावबहादूर बापूराव पवार हे ग्वाल्हेर संस्थानातले बडे अधिकारी. मुलगी वाढली ती सरदार-दरकदारांच्या वर्तुळात आणि शिकली ती त्या घराण्यांतल्या मुलींसाठी असलेल्या शाळेत. त्या काळात अशा घरातल्या मुलीचं शिक्षण हे लग्नाच्या बाजारातलं एक वजनदार माप असायचं, त्यापुढे फारसं नाही. पण सुशीला थांबली नाही. आग्रा विद्यापीठाची बी. ए. झाली. मग दक्षिणेकडे आली आणि पुण्याच्या आगरकर हायस्कूलमध्ये शिक्षिका म्हणून काम करू लागली.

मुलींची ही शाळा सुरू करण्यात पुढाकार होता प्रल्हाद केशव अत्रे यांचा. अत्रे म्हणजे तेव्हा एकाच वेळी मास्तर, कवी, विडंबनकार, नाटककार आणि चित्रपटांचे लेखक. त्यांच्या आसपास असणाऱ्या माणसाला नाटक-सिनेमाचा वारा लागला नसता तरच नवल. पदवीधर, देखणी, चांगलं हिंदी बोलणारी, चार लोकांसमोर उभं राहून बोलायची सवय असलेली शिक्षिका. चित्रपटवाल्यांना याहून जास्त काय हवं होतं?

१९४० मध्ये ‘नवयुग’च्या ‘लपंडाव’मधून सुशीला पवार पडद्यावर आल्या आणि नाव झालं वनमाला. इथून पुढे मीही त्यांना त्या म्हणणार आहे. आमच्याकडे कॉन्व्हेंटमधल्या काही सिस्टर्स व्रत घेताना नवं नाव घेत. घरचं नाव मागे ठेवायचं आणि नव्या आयुष्यात शिरायचं. सिनेमातल्या नावबदलाचं कारण अर्थातच इतकं पवित्र नसायचं. कधी नाव पोस्टरवर शोभावं म्हणून, कधी घराण्याच्या आडनावाला धक्का लागू नये म्हणून. वनमालाबाईंच्या बाबतीत दुसरं कारणही महत्त्वाचं होतं, असं मला वाटतं. पवार हे आडनाव पोस्टरवर नव्हतं. तरीही ग्वाल्हेरात सगळ्यांना कळलंच.

वडिलांना हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांच्या संतापाच्या गोष्टी ग्वाल्हेरात अजून तिखटमीठ लावून सांगतात. त्या मी इथे देत नाही, पण संताप का असेल ते समजून घेता येतं. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळाली नव्हती, शेवटी साळुंके नावाच्या एका पुरुषाने लुगडं नेसून ती केली. तीच तारामती १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोट्यांनी केली. दुर्गाबाई झेवियर्समध्ये शिकलेल्या, मुंबईतल्या सुखवस्तू घरातल्या. त्यांच्यानंतर लीला चिटणीस आल्या, त्याही पदवीधर. पण एवढ्याने समाजाचं मत बदललं असं नव्हे. मुंबई-पुण्यात निदान चर्चा तरी व्हायची. संस्थानात दरबार होता, मानपान होते, कोण कुणाच्या घरी जेवतो यावर माणसाची किंमत ठरत होती. तिथल्या अधिकाऱ्याची मुलगी तिकीट काढून आलेल्या कुणालाही दिसणार, आणि तीही कुणाची तरी प्रेयसी म्हणून. घरच्यांच्या दृष्टीने ती आपणहून उंबऱ्याबाहेर गेली होती.

आणि वर्षभरातच ‘सिकंदर’ आला.

१९४१. मिनर्व्हा मूव्हीटोन. पृथ्वीराज कपूर सिकंदर आणि स्वतः सोहराब मोदी पुरू, म्हणजे इतिहासातला पोरस. लेखन पंडित सुदर्शन यांचं. लढाईची दृश्यं कोल्हापूरकडे चित्रित झाली, घोडे, हत्ती आणि माणसांची ही गर्दी. आजच्यासारखी संगणकावर सैन्य वाढवायची सोय नव्हती. पडद्यावर जेवढी माणसं दिसतात तेवढी तिथे खरोखर उन्हात उभी होती. तिकडे दुसरं महायुद्ध चालू, इकडे वैयक्तिक सत्याग्रहात माणसं तुरुंगात जातायत, आणि पडद्यावर एक भारतीय राजा परक्या जगज्जेत्यापुढे मान वाकवत नाही. सेन्सॉरने चित्रपट पास केला खरा, पण सरकारने लष्करी छावण्यांमधल्या थिएटरांत तो दाखवायला बंदी घातली. सैनिकांच्या डोक्यात नको ते विचार शिरायला नकोत! वनमालाबाईंच्या गावाचं नावच लष्कर, ही गंमत मला त्या आठ दिवसांत सुचून गेली.

चित्रपटाच्या इतिहासात ‘सिकंदर’चं नाव निघतं ते याच कारणासाठी. पृथ्वीराजांचा देह, मोदींचा आवाज, दोघांची शेवटची समोरासमोर भेट, देशभक्ती. रुख्सानाचा उल्लेख एका वाक्यात येतो. पण गोष्ट नीट पाहिली तर सगळा डाव फिरतो तो तिच्यामुळे.

गोष्ट थोडक्यात अशी. इराण जिंकल्यावर सिकंदर रुख्सानाच्या प्रेमात पडतो. त्याचा गुरू अरस्तू, म्हणजे ॲरिस्टॉटल, त्याला बजावतो की बाईच्या पाशात अडकलेल्याने जग जिंकायची भाषा करू नये. सिकंदर हिंदुस्थानाकडे निघतो, रुख्सानाला मागे ठेवून. तिला मात्र पुरूच्या पराक्रमाची वार्ता कळते आणि हा परत येणार नाही अशी भीती वाटते. ती काय करते? रडत बसत नाही, नवसही बोलत नाही. त्याच्या पाठोपाठ स्वतःच हिंदुस्थानात येते. आणि सिकंदराच्या छावणीत जाऊन त्याचे पाय धरण्याऐवजी पुरूकडे जाते. ते दिवस राखीपौर्णिमेचे. परक्या देशातून आलेली ही तरुणी शत्रूच्या मनगटावर राखी बांधते, त्याला भाऊ करते आणि ओवाळणीत सिकंदराचा जीव मागते. पुरू शब्द देतो. पुढे रणात सिकंदर त्याच्या तावडीत सापडतो तेव्हा दिलेल्या शब्दाखातर पुरू हात आवरतो. त्याचा स्वतःचा मुलगा याच युद्धात पडतो. शेवटी पुरू हरतो, पण सिकंदराला त्याला राजासारखी वागणूक द्यावी लागते.

म्हणजे ज्या प्रसंगासाठी लोक टाळ्या वाजवत, त्या दोन राजांच्या मोठेपणाच्या प्रसंगापर्यंत दोन्ही राजे जिवंत पोचतात ते एका प्रेमात पडलेल्या बाईच्या हुशारीमुळे. अरस्तूने जिला अडथळा ठरवलं होतं तिच्यामुळेच त्याचा शिष्य वाचतो. हा विनोद लेखकाने मुद्दाम केला असावा. मला तो फार आवडला.

खरा इतिहास वेगळा आहे, तेही सांगायला हवं, नाहीतर इतिहास विभागातली मंडळी मला सोडणार नाहीत. इतिहासातली रोक्साना इराणच्या राजधानीतली नव्हती. ती बॅक्ट्रियातल्या, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाच्या बाजूच्या, एका सरदाराची मुलगी. सिकंदराने तिच्याशी इ. स. पू. ३२७ च्या सुमारास लग्न केलं आणि झेलमकाठची लढाई त्यानंतर, ३२६ मध्ये झाली. राखीची गोष्ट ही दंतकथा. खऱ्या रोक्सानाचा शेवट तर वाईटच झाला. सिकंदर ३२३ मध्ये बॅबिलोनला मेला तेव्हा ती गरोदर होती. पुढे सत्तेच्या भांडणात तिला आणि तिच्या कोवळ्या मुलाला कॅसँडरने मारून टाकलं. तिची बाजू घेऊन जाण्यासारखा कुणी पुरू तिला मिळाला नाही. चित्रपटातली रुख्साना ही आपल्याकडे घडवलेली बाई आहे, राखीसकट. मला ती पाहताना आमच्या बायबलमधली एस्तेर आठवत राहिली. तीही इराणच्याच दरबारातली. बोलावणं नसताना राजासमोर गेलं तर मरणाची शिक्षा, हे माहीत असूनही एस्तेर आपल्या लोकांसाठी दरबारात पाऊल टाकते. एस्तेर आपल्याच नवऱ्याच्या दरबारात जाते, रुख्साना शत्रूच्या. पण दाराशी पोचेपर्यंतचे ते पाय दोघींचे सारखेच जड झाले असतील.

मी ‘सिकंदर’ नया बाज़ारमधल्या त्या घरात मैत्रिणीच्या लॅपटॉपवर पाहिला, रजई पांघरून. प्रिंट जुनी, आवाज मध्येच खरखरतो. पृथ्वीराज आणि मोदी दोघंही पारशी रंगभूमीच्या वळणाने बोलतात, एकेक वाक्य म्हणजे तोफेचा गोळा. आजच्या कानाला ते थोडं जास्त होतं. त्यांच्या मध्ये वनमालाबाई आल्या की चित्रपट जरा श्वास घेतो. उर्दू शब्दांवर त्या अडखळत नाहीत. त्या काळातल्या बऱ्याच मराठी नटनट्यांच्या हिंदीत चळ आणि ज़ यांची ओढाताण ऐकू येते, तशी इथे नाही. माझा अंदाज असा की याचं श्रेय ग्वाल्हेरला द्यायला हवं, जिथे घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी हे रोजचंच होतं. आजींच्या बोलण्यात मला जी सरमिसळ ऐकू आली, तीच एका पिढीआधी एका अभिनेत्रीच्या कामी आली असेल.

आणखी एक गोष्ट. रुख्साना करताना वनमालाबाईंचं वय सव्वीसच्या आसपास. आपलं गाव, आपली माणसं मागे टाकून, कुणी बोलावलेलं नसताना, परक्या राज्यात जाऊन आपलं म्हणणं मांडणारी तरुणी. हे काम त्या नुकत्याच स्वतःच्या आयुष्यातही करून आल्या होत्या. रुख्साना निघते तेव्हा तिच्यामागे कुणी उभं नसतं. बापूराव पवारांच्या मुलीमागेही तेव्हा कुणी नव्हतं. मी हे त्यांच्या अभिनयात शोधत होते आणि मला ते सापडलं, असं मी म्हणणार नाही. अभिनय चांगला आहे तो त्यांच्या कौशल्यामुळे. पण भूमिका आणि माणूस इतके जवळ आले की बघणाऱ्याची नजर बदलते, हे खरं.

त्या दोन-तीन वर्षांत वनमालाबाईंनी कामाचा धडाकाच लावला. १९४१ मध्येच अत्रे पिक्चर्सचा ‘पायाची दासी’ आला, हिंदीत ‘चरणों की दासी’. दिग्दर्शक गजानन जागीरदार, छळणारी सून नाही, छळली जाणारी सून वनमालाबाई आणि छळणारी सासू दुर्गाबाई खोटे. एकाच वर्षात एकीकडे सिकंदराची रुख्साना आणि दुसरीकडे सासुरवास सोसणारी सून. १९४२ मध्ये ‘वसंतसेना’. हा आपल्या वर्गाच्या जिव्हाळ्याचा विषय, कारण मुळात हे शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’, जे देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलं. उज्जयिनीतली श्रीमंत गणिका वसंतसेना आणि दानधर्मात सगळं घालवून बसलेला चारुदत्त. त्यांच्या प्रेमात मागणारा, देणारा, गरीब, श्रीमंत ही नेहमीची गणितं सगळी उलटी होतात. आणि उज्जयिनीची ही नायिका करायला मिळाली उज्जैनमध्येच जन्मलेल्या वनमालाबाईंना. पुढे १९४४ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘परबत पे अपना डेरा’, १९४८ मध्ये पृथ्वीराजांबरोबर ‘आज़ादी की राह पर’. बाकीच्या नावांची यादी देत नाही.

रुख्साना, वसंतसेना. या भूमिका करणारी बाई पुढे श्यामची आई झाली आणि मग आपण फक्त तेवढंच लक्षात ठेवलं. याबद्दल माझी थोडी तक्रार आहे.

‘श्यामची आई’ हा मोठा चित्रपट आहे, यात शंका नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक, ज्याच्या प्रती घराघरांत. गुरुजी १९५० मध्ये गेले आणि तीन वर्षांनी अत्र्यांनी तो पडद्यावर आणला. श्याम झाले माधव वझे, जे पुढे नाट्यसमीक्षक म्हणून आपल्याला माहीत आहेत. १९५४ मध्ये पहिले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले तेव्हा देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळालं. पदक चित्रपटाला, म्हणजे निर्माता-दिग्दर्शकाला. अभिनेत्रीसाठी वेगळा राष्ट्रीय पुरस्कार तेव्हा नव्हताच. तो १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिला नर्गिसना मिळाला. त्यामुळे ज्या चेहऱ्यासाठी महाराष्ट्र रडला त्या चेहऱ्याच्या नावाने पदक नाही.

कोकणातल्या गरीब ब्राह्मण घरातली ही आई करायला माळव्यात जन्मलेली, ग्वाल्हेरात सरदारांच्या मुलींमध्ये वाढलेली बाई निवडली, हे आज विचित्र वाटेल. दापोलीजवळचं पालगड आणि लष्करातला हवेलीवजा वाडा यांत काय साम्य? पण पडद्यावर ते जाणवत नाही. मराठी बोलण्यात कुठे उत्तरेचा हेल नाही, चालण्यात मोठ्या घरचा तोरा नाही. अडतीस वर्षांच्या वनमालाबाई त्यात वयानेही आईच वाटतात. आणि तिथूनच पंचाईत सुरू झाली. आई हा आपल्याकडे असा मुक्काम आहे की तिथे पोचलेल्या बाईला तिचा आधीचा रस्ता कुणी विचारत नाही.

हे मी कुठल्या पुस्तकातून म्हणत नाही. गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी मिळून एका नाटकाचं अभिवाचन केलं, त्यात माझ्या वाट्याला प्रेमात पडून घर सोडणाऱ्या मुलीची भूमिका आली होती. घरी आलेल्या एका नातेवाईक बाईंनी आईला हळूच सुचवलं, की करायचंच असेल तर तिला आईचं वगैरे काम करायला सांग, पॅरिशमध्ये चार लोकांना दाखवता तरी येईल. माझी आई हसली आणि चहा टाकायला गेली. मी काम केलं. पण ते दाखवता येण्याचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. नया बाज़ारमध्ये आजी जेव्हा सुशीला पवारांबद्दल बोलत होत्या तेव्हाही तेच होतं. ‘श्यामची आई’ त्यांनी सासरच्या सगळ्या माणसांबरोबर पाहिला होता, सासूबाईंसकट. ‘सिकंदर’ मात्र त्यांच्या घरातल्या बायकांपैकी कुणी पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्या घरासाठी आपल्या गावची मुलगी पुन्हा आपली झाली ती आईच्या वेषात.

२०२३ मध्ये ‘श्यामची आई’ नव्याने आला, पुन्हा कृष्णधवल. त्या निमित्ताने वनमालाबाईंचं नाव परत निघालं, जुन्या चित्रपटातले फोटो फिरले. रुख्सानाचा फोटो कुणी टाकला नाही. मी शोधला. तो सापडतो, थोडं खाली गेलं की. पृथ्वीराजांच्या शेजारी, मान किंचित वर.

‘श्यामची आई’नंतर मोठ्या यशाचा फायदा घेऊन चित्रपट करत राहणं सोपं होतं. वनमालाबाईंनी हळूहळू त्या जगातून पाय काढून घेतला. त्या वृंदावनाला गेल्या, संन्यस्त वृत्तीने राहू लागल्या. पण हात रिकामे ठेवले नाहीत. तिथे त्यांनी हरिदास कला संस्थान उभं केलं, मुलामुलींना शास्त्रीय संगीत आणि नृत्य शिकवण्यासाठी. नाव स्वामी हरिदासांचं. परंपरा सांगते की हरिदास हे तानसेनाचे गुरू, आणि तानसेनाची कबर आहे ग्वाल्हेरात, महंमद घौस यांच्या मकबऱ्याशेजारी. दर वर्षी डिसेंबरात तिथे संगीताचा महोत्सव होतो. मैत्रिणीबरोबर मी ती कबर पाहायला गेले. एवढा मोठा गवई, आणि कबर अगदी साधी, घौस यांच्या भव्य जाळीदार मकबऱ्यासमोर तर लहानशीच. वृंदावनात बसून वनमालाबाईंनी आपल्या गावाच्या गवयाच्या गुरूचं नाव संस्थेला दिलं, ते गावाची आठवण म्हणून की निव्वळ भक्तीने, हे ज्याने त्याने ठरवावं. मला पहिलं कारण जास्त पटतं.

एक मात्र लक्षात घ्या. पुण्यातल्या शाळेत त्या शिक्षिका होत्या, आणि उतारवयात परत शिक्षणाकडेच आल्या. मधली जेमतेम पंधरा वर्षं सिनेमाची. जवळजवळ एका शतकाला भिडलेल्या आयुष्यात हा तसा लहान तुकडा. त्याही तुकड्यातला एक चित्रपट आपण ठेवला.

अखेरच्या काळात वनमालाबाई ग्वाल्हेरला परतल्या. सुशीला पवार या नावाने ज्या शहरातून बाहेर पडल्या होत्या त्याच शहरात मे २००७ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. ‘सिकंदर’ अजून बघायला मिळतो. उर्दू जड वाटली तर शेजारी कुणीतरी ग्वाल्हेरचं घेऊन बसा.